कपड्यांतला ‘मस्क’ आणि नदीतला मासा

मिस्क हा शब्द आपल्या घरांत नवा नाही. कस्तुरीचे हे अरबी नाव. सगळ्या सुगंधांत कस्तुरीचा मान वरचा, हे आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकत आलो आहोत. जुम्याच्या दिवशी गुसल करावे, स्वच्छ कपडे घालावेत, कानात अत्तराचा फाया ठेवावा आणि मग मशिदीकडे निघावे, ही आपल्याकडची जुनी रीत. ईदच्या सकाळी तर गल्लीतून कोण गेले हे कळायला खिडकी उघडावी लागत नाही.

आता हाच शब्द बाजारातल्या अनेक वस्तूंवर दिसतो. ‘व्हाइट मस्क’ लिहिलेली अत्तराची कुपी असते, तशी साबणाची वडी असते, बॉडी स्प्रे असतो. कपडे धुण्याच्या पावडरीवर किंवा शेवटच्या पाण्यात घालायच्या फॅब्रिक कंडिशनरवर हे नाव छापलेले नसले, तरी त्यांच्या सुवासात अनेकदा तोच असतो. या ‘मस्क’चा हरणाशी काही संबंध नाही. तो कारखान्यात तयार होतो. आपण तो विकत आणतो, वापरतो आणि पाण्याबरोबर मोरीत सोडून देतो. पुढे तो कुठे जातो, हे आज पाहू या. कारण त्या वाटेवर मासे आहेत, आणि त्यांतले काही आपल्या दस्तरखानावरही येतात.

हरणापासून कारखान्यापर्यंत

खरी कस्तुरी हिमालयात आणि आशियातल्या इतर डोंगराळ भागांत राहणाऱ्या कस्तुरीमृगाच्या नराजवळ असते. त्याच्या बेंबीजवळच्या पिशवीत ती साठते. एका पिशवीतून साधारण २५ ग्रॅम कस्तुरी निघते, म्हणजे एका किलोसाठी चाळीसएक नर लागतात. शिवाय शिकाऱ्यांच्या फाशांत माद्या आणि पिल्लेही अडकतात, ती वेगळीच. या हव्यासापायी हे हरीण पुष्कळ ठिकाणी संपत आले. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याची शिकार आणि कस्तुरीचा व्यापार हा गुन्हा आहे. तेव्हा दोनशे रुपयांच्या कुपीवर ‘असली कस्तुरी’ असे लिहिलेले दिसले, तर त्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही.

कृत्रिम कस्तुरीचा शोध अपघाताने लागला. १८८८ मध्ये आल्बर्ट बाउर हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ स्फोटकांवर काम करीत होते. टीएनटीच्या जातीचे एक नवे रसायन त्यांनी तयार केले, तर त्याला कस्तुरीसारखा वास येऊ लागला. ते ‘मस्क बाउर’ या नावाने विकले गेले. त्याच्या पाठोपाठ मस्क झायलीन, मस्क कीटोन अशी भावंडे आली. या सगळ्यांना ‘नायट्रो मस्क’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर दुसरे एक घराणे बाजारात आले. त्यातली दोन नावे लक्षात ठेवण्यासारखी आहेत : गॅलॅक्सोलाइड आणि टोनालाइड. आजच्या पुष्कळशा स्वस्त ‘मस्क’ सुवासांमागे हीच मंडळी आहेत.

या शोधाचा फायदा झाला, हेही सांगायला हवे. कस्तुरीची मागणी कारखान्याकडे वळली नसती, तर कस्तुरीमृगाचे काय झाले असते याची कल्पनाच करवत नाही. आणि जो सुगंध एके काळी नवाब-सुलतानांपुरता होता, तो मजुराच्या घरातही पोहोचला. म्हणून कृत्रिम म्हणजे वाईटच, असे आपण म्हणणार नाही. अडचण वेगळीच आहे.

टिकण्याचा गुण

फुलांचा वास लवकर उडतो. मस्क उडत नाही. त्याचे रेणू जड असतात, हवेत सावकाश जातात आणि आपल्याबरोबर इतर हलक्या वासांनाही धरून ठेवतात. म्हणून अत्तरवाले त्याला पायाचा वास मानतात. दुसरे म्हणजे त्याला पाण्यापेक्षा तेल-चरबी जवळची वाटते. बादलीतल्या पाण्यात राहण्याऐवजी तो कापडाच्या धाग्याला चिकटून बसतो. धुवून, वाळवून, घडी घालून कपाटात ठेवलेला कुर्ता आठ दिवसांनी काढला तरी त्याला वास येतो, तो यामुळे. तिसरे म्हणजे हे रेणू सहजासहजी मोडत नाहीत.

जाहिरातीत या तिन्ही गोष्टी गुण म्हणून सांगितल्या जातात. ‘दिवसभर ताजेपणा’, ‘आठवडाभर सुगंध’. नदीत गेल्यावर मात्र हेच तीन गुण अवगुण ठरतात. जो पदार्थ पाण्यात राहायला नाखूश आणि चरबीला चिकटायला उत्सुक असतो, तो पाण्यातून माशाच्या अंगात शिरतो. जो सहज मोडत नाही, तो तिथेच राहतो.

तो नदीत जातो कसा? कपड्यांना चिकटलेला थोडा भाग सोडला, तर बाकीचा धुण्याच्या पाण्याबरोबर मोरीत जातो. अंघोळीच्या साबणाचा आणि शाम्पूचा तर जवळजवळ सगळाच जातो. मोठ्या शहरांत हे पाणी सांडपाणी प्रक्रिया केंद्रात पोहोचणे अपेक्षित असते. तिथे बराचसा मस्क गाळाला चिकटून खाली बसतो, पण सगळा नाही. शिवाय ही केंद्रे मैला आणि सेंद्रिय घाण काढण्यासाठी बांधलेली असतात, सुवासाचे रेणू मोडण्यासाठी नव्हे. आणि मुळात पाणी तिथवर जाते का, हाही प्रश्न आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते. त्यापैकी प्रत्यक्ष प्रक्रिया होते २०,२३६ दशलक्ष लिटरवर. म्हणजे शंभर बादल्यांतल्या जेमतेम अठ्ठावीस. उरलेल्या बहात्तर बादल्या जशाच्या तशा नाल्यात, ओढ्यात, नदीत.

तामा नदीतले मासे

हा प्रकार पहिल्यांदा उजेडात आला तो जपानमध्ये. टोकियो शहराजवळून तामा नावाची नदी वाहते. १९८१ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी या नदीतल्या गोड्या पाण्याच्या माशांत मस्क झायलीन आणि मस्क कीटोन सापडल्याचे प्रसिद्ध केले. नदीकाठी अत्तराचा कारखाना असण्याची गरज नव्हती. लोकवस्तीचे सांडपाणी पुरेसे होते.

पुढच्या दशकात जर्मनीत तसेच घडले. रुर नदीच्या पाण्यात आणि माशांत गॅलॅक्सोलाइड आणि टोनालाइड मिळाले. २००९ मध्ये अमेरिकेतल्या एका पाहणीचे निष्कर्ष छापून आले. शिकागो, डॅलस, ऑरलँडो, फीनिक्स आणि वेस्ट चेस्टर या पाच ठिकाणच्या, प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर वाहणाऱ्या नद्यांतले मासे त्यात तपासले होते. माशांच्या मांसात औषधांचे अंश होतेच, पण गॅलॅक्सोलाइडचे प्रमाण एका ठिकाणी ग्रॅममागे २,१०० नॅनोग्रॅमपर्यंत गेले होते. नॅनोग्रॅम हा शब्द लहान वाटतो म्हणून हिशेब करून पाहू : एका किलो मांसात सुमारे दोन मिलिग्रॅम. आणि ही प्रक्रिया केंद्रातून आलेल्या पाण्याची गोष्ट, बिनप्रक्रियेच्या पाण्याची नव्हे.

पाण्यात एवढा कमी असलेला पदार्थ माशात एवढा कसा साठतो? मासा कल्ल्यांनी श्वास घेतो. प्राणवायू मिळवण्यासाठी त्याला दिवसभर पाणी कल्ल्यांवरून फिरवावे लागते. त्या पातळ पडद्यातून प्राणवायू आत येतो, तसे चरबीत विरघळणारे रेणूही येतात आणि यकृतात, चरबीत जाऊन बसतात. ब्लूगिल नावाच्या अमेरिकी माशावर केलेल्या प्रयोगात गॅलॅक्सोलाइड पाण्यातल्या प्रमाणाच्या सुमारे दीड हजार पट साठल्याचे दिसले. नदीला आपण एक थेंब दिला, तरी मासा तो वेचून वेचून गोळा करतो.

माशाला होते तरी काय?

या मस्कमुळे नदीत माशांचा खच पडत नाही. मासे उलटे होऊन वर येतात ते बहुधा पाण्यातला प्राणवायू संपल्यामुळे किंवा कारखान्याचे विषारी पाणी आल्यामुळे. सुवासाचा परिणाम इतका उघड नसतो. तो अंड्यांत, पिल्लांत आणि शरीराच्या आतल्या कारभारात दिसतो.

झेब्राफिश हा बोटाच्या पेराएवढा, निळसर पट्ट्यांचा मासा मूळचा आपल्याच उपखंडातला, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत पाळला जातो. २००० साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी या माशांना मस्क कीटोन मिसळलेले खाद्य दिले. जास्त मात्रा मिळालेले मासे आकाराने लहान राहिले, माद्यांची अंडी घटली, आणि जन्मलेल्या पिल्लांतही जास्त मेली. २००४ मध्ये याच माशांच्या गर्भावर वेगवेगळे मस्क तपासले, तेव्हा काहींमुळे हृदयाचे ठोके मंदावलेले आढळले. त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या अभ्यासात गॅलॅक्सोलाइड आणि टोनालाइड माशाच्या शरीरात स्त्री-संप्रेरकाच्या कामात अडथळा आणतात, असे दिसून आले.

सर्वांत विचारात टाकणारा प्रयोग मात्र माशावर नव्हे, शिंपल्यावर झाला. प्रत्येक सजीवाच्या पेशींच्या भिंतीवर काही पंपासारखी प्रथिने असतात. आत शिरलेले परके विष बाहेर फेकणे हे त्यांचे काम. घराच्या दारावरचा पहारेकरीच म्हणा ना. २००५ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियाच्या समुद्रातल्या शिंपल्यांच्या कल्ल्यांवर कृत्रिम मस्क वापरून पाहिले. पंप अडले. नंतर शिंपल्याचे ते कल्ले स्वच्छ पाण्यात ठेवले, तरी एक-दोन दिवस पंप पूर्ववत झाले नाहीत. मस्क स्वतः फारसा विषारी नसेल, पण तो पहारेकऱ्याला झोपवतो आणि मग दुसरे कुठलेही विष आत शिरू शकते. असेच पंप माशांच्या पेशींतही असतात. आणि आपल्या नद्यांच्या पाण्यात ‘दुसऱ्या विषांची’ कमतरता नाही. शेतातली कीटकनाशके आहेत, कारखान्यांचे धातू आहेत, औषधांचे अंश आहेत.

यात एक बाजू अशीही आहे, जी लपवून चालणार नाही. प्रयोगशाळेत दिसलेले बहुतेक परिणाम नदीत सापडणाऱ्या प्रमाणापेक्षा जास्त मात्रेत दिसले आहेत. या आधारावरच युरोपीय संघाच्या २००८ च्या मूल्यमापनात गॅलॅक्सोलाइड आणि टोनालाइडवर लगेच निर्बंध आणण्याची गरज मानली गेली नाही. पण प्रयोगशाळेतला मासा एकाच रसायनाला, ठरावीक दिवस तोंड देतो. नदीतला मासा जन्मापासून मरेपर्यंत अनेक रसायनांच्या मिश्रणात राहतो. मस्क पाण्यात फार टिकला नाही तरी फरक पडत नाही, कारण आपण तो रोज सकाळी पुन्हा सोडतो.

बंद केले की कमी होते

ही गोष्ट निराशेची नाही, कारण तिच्यात एक अनुभव जमेला आहे. नायट्रो मस्क माशांत सापडले, त्यानंतर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते जर्मनीत आईच्या दुधातही सापडले. तिथल्या साबण-डिटर्जंट उद्योगाने १९९३ मध्ये मस्क झायलीन वापरू नये, अशी शिफारस आपल्याच सभासदांना केली. पुढे युरोपीय संघाने मस्क झायलीनला ‘अतिशय टिकाऊ आणि शरीरात अतिशय साठणारे’ ठरवले आणि ऑगस्ट २०१४ पासून खास परवानगीशिवाय त्याचा वापर बंद केला.

याचा परिणाम मोजला गेला. स्वीडनमध्ये उप्साला शहरातल्या मातांचे दूध १९९६ ते २००३ या काळात तपासले, तेव्हा मस्क झायलीन आणि मस्क कीटोनचे प्रमाण वर्षागणिक उतरताना दिसले. गॅलॅक्सोलाइड मात्र उतरले नव्हते. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती, ती आपल्या भगिनींनी मुद्दाम लक्षात घ्यावी. गरोदरपणात परफ्यूमचा जास्त वापर करणाऱ्या मातांच्या दुधात गॅलॅक्सोलाइड जास्त होते, आणि सुवासिक डिटर्जंट वापरणाऱ्यांच्या दुधात टोनालाइड जास्त होते. म्हणजे जे माशाबाबत घडते, ते थोड्या प्रमाणात आपल्याबाबतही घडते. यावरून कुणी बाळाला दूध पाजणे थांबवू नये. आईच्या दुधाला तोड नाही, आणि या शास्त्रज्ञांचेही म्हणणे तसे नाही. शिकायचे ते एवढेच की घरातली सवय बदलली तर अंगातले आणि पाण्यातले प्रमाणही बदलते.

आपल्या मोरीपासून उजनीपर्यंत

टोकियो आणि शिकागो लांब वाटत असतील तर जवळचे उदाहरण घेऊ. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या घरांतले पाणी मुळा, मुठा, पवना या नद्यांत उतरते, तिथून भीमेत आणि भीमेतून उजनीच्या धरणात. उजनीच्या काठच्या गावांत शेकडो कुटुंबे मासेमारीवर जगतात. तिथली चिलापी, रोहू, कटला, मरळ भिगवणच्या बाजारातून दूरवर जाते. पुण्याच्या एखाद्या सोसायटीत वॉशिंग मशीनमध्ये टोपणभर जास्त ओतलेल्या कंडिशनरचा आणि त्या बाजारातल्या टोपलीचा रस्ता एकच आहे. सोलापूर जिल्ह्यातली माणसे हे पाणी पितात, त्यावर शेती करतात. आपण वरच्या अंगाला राहतो म्हणून आपल्याला ते दिसत नाही, इतकेच.

वाहत्या नदीकाठी वुजू करीत असलो तरी पाणी उधळू नये, ही शिकवण आपल्याला लहानपणीच मिळते. ती पाण्याच्या मापाबद्दल आहे, तशी पाण्यात काय सोडतो याबद्दलही मानायला हरकत नसावी. ज्याने पाणी खाली राहणाऱ्यासाठी बिघडवले, त्याने कुणाचा तरी हक्क मारला.

मग करायचे काय? अत्तर सोडायचे नाही. कानातला फाया हा या गोष्टीत सर्वांत छोटा भागीदार आहे. एक-दोन थेंबांनी नदी बिघडत नाही. बिघडवते ती बादली आणि मशीन, जिथे सुवास चमच्याने आणि टोपणाने मोजला जातो. म्हणून सुरुवात तिथून करावी.

फॅब्रिक कंडिशनर रोजच्या कपड्यांना लागत नाही. चादरी, टॉवेल, मुलांचे शाळेचे कपडे त्याशिवाय उत्तम धुतले जातात. टॉवेल तर कंडिशनरने पाणी कमी शोषतात. कपडे फार कडक होत असतील, पाणी जड असेल, तर शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरा सिरका घालून पाहा. फक्त तो ब्लीचबरोबर कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. पावडर पाकिटावर लिहिलेल्या मापाने घ्यावी. ‘वास आला म्हणजे स्वच्छ झाले’ ही समजूत आपल्या डोक्यात जाहिरातींनी घातली आहे. स्वच्छ धुऊन उन्हात वाळवलेल्या कपड्याला खरे तर कुठलाच वास नसतो. बिनवासाची पावडर मिळत असेल तर तान्ह्या बाळाच्या लंगोटांसाठी आणि दुपट्यांसाठी तीच घ्यावी.

पाकिटावर ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रॅगरन्स’ एवढा एकच शब्द छापलेला असतो. त्या एका शब्दाखाली कितीतरी रसायने असू शकतात. दुकानदाराला विचारायला संकोचू नका. अत्तरवाल्यालाही विचारा, की हे फुलांचे आहे की कंपाउंडचे. कनौजमध्ये आजही तांब्याच्या डेगेत गुलाब, केवडा, खस यांचा अर्क काढून अत्तर बनते. ते महाग पडते, म्हणून लहान कुपी घ्यावी आणि ईद-जुम्याला पुरवून वापरावी. जुनी परफ्यूमची बाटली मोरीत ओतू नये, बंद करून कचऱ्यात द्यावी. विहिरीवर, तळ्यावर, नदीत उतरून साबण-पावडरीने कपडे धुणे तर टाळलेच पाहिजे. तिथे प्रक्रिया केंद्राचा आडोसाही नसतो.

मासा खाणे थांबवण्याचे कारण नाही. गोड्या पाण्यातला मासा साफ करताना पोटातली चरबी आणि आतले अवयव काढून टाकावेत, कारण असले पदार्थ चरबीत साठतात. नाल्याच्या तोंडाशी धरलेला मासा मात्र कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

शेवटचे काम घराबाहेरचे आहे. आपल्या वॉर्डातले सांडपाणी कुठे जाते, प्रक्रिया केंद्र आहे का, असेल तर ते चालू असते का, हे नगरसेवकाला विचारण्याचा हक्क प्रत्येक मतदाराला आहे. मोहल्ला कमिटीची बैठक रस्ते आणि दिवाबत्तीसाठी बसते, तशी ती या प्रश्नासाठीही बसू शकते. पुढच्या बैठकीत हा विषय काढून पाहा. उत्तर मिळायला वेळ लागेल. तोवर कंडिशनरचे टोपण आपल्या हातात आहेच.